वर्ल्डमॅपर वापरून बघितलं: भारत फुगला, पण बीड कुठं गेलं?

आधीच सांगतो, हा मोबाईलचा किंवा मिक्सरचा रिव्ह्यू नाही. वर्ल्डमॅपर नावाची एक वेबसाईट आहे, फुकट आहे, नकाशे बघायला लॉगिन बिगिन काही मागत नाही, आणि भूगोल शिकवणाऱ्यानं, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यानं किंवा नुसतं टपरीवर बसून जगाच्या गप्पा हाणणाऱ्यानं एकदा तरी उघडून बघावी अशी आहे. मी अंबाजोगाईला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो, वर्गात ही साईट भरपूर वापरून झालीय, ओळखीचे शिक्षक सारखे विचारायलेत की ते फुगलेले नकाशे कुठून आणता, म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

साईट करते काय, तर जगाच्या नकाशातले देशांचे आकार बदलते. आपल्या नेहमीच्या नकाशात देश केवढा दिसणार हे त्याच्या जमिनीवर ठरतं, इथं विषय आपण निवडायचा, लोकसंख्या, उत्पन्न, मलेरिया, डॉक्टर, खेळण्यांची आयात, काय वाट्टेल ते, आणि त्या गोष्टीत ज्या देशाचा जेवढा वाटा तेवढा तो देश फुगतो नाहीतर आक्रसतो. याला कार्टोग्राम म्हणतात. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो की हे काय झालं नकाशाला.

सुरुवात लोकसंख्येच्या नकाशापासून करा. जगाच्या जमिनीत भारताचा वाटा साधारण २.४ टक्के आणि माणसांत १७ टक्क्यांच्या वर, त्यामुळं भारत असा काही सुजतो की शेजारच्यांना जागा उरत नाही. रशिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ज्यांनी भिंतीवरचा निम्मा कागद खाल्लेला असतो ते चिंधीसारखे कोपऱ्यात. पण खरी मजा बांगलादेशात आहे, रशियाची लोकसंख्या साडेचौदा कोटींच्या आत आणि बांगलादेशाची १७ कोटींच्या आसपास, म्हणजे या नकाशावर बांगलादेश रशियापेक्षा मोठा दिसतो. हे आकडे मी फळ्यावर कितीदा लिहिलेत, पोरं उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात, नकाशा बघितल्यावर मात्र एक पोरगी उठून म्हणाली सर मग रशियाला एवढी जागा कशाला. भूगोलाच्या तासाला असा प्रश्न आला की समजायचं तास वसूल झाला.

आणि हो, कुणी म्हणेल की हे नकाशे खोटे, वाकडे. मोबाईलवरचा नकाशा तरी कुठं सरळ आहे? तो मर्केटरच्या पद्धतीवर आधारलेला, १५६९ सालची पद्धत, जहाजवाल्यांना दिशा धरायला सोपं जावं म्हणून केलेली, त्यात ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीनं दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या जवळपास १४ पट आहे. तो खोटेपणा आपल्या सवयीचा झालाय म्हणून टोचत नाही एवढंच.

यामागची माणसं कोण ते थोडक्यात सांगतो. डॅनी डॉर्लिंग हे इंग्लंडचे भूगोलतज्ज्ञ, सध्या ऑक्सफर्डला प्राध्यापक, आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागं लागलेले की समाजातली विषमता नकाशावर दिसली पाहिजे, कोण कुठं राहतो त्यावरून तो किती जगतो, किती कमावतो, कुठल्या शाळेत जातो हे सगळं. त्यांची पीएचडी सुद्धा समाजाची रचना नकाशातून कशी दाखवायची यावरच आहे, आणि प्रत्येक जागेसाठी एक गोल, माणसं जेवढी तेवढा गोल मोठा, ही त्यांची पद्धत आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. २००६ ला ते शेफिल्ड विद्यापीठात असताना तिथल्या टीमनं आणि अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या मार्क न्यूमन यांनी मिळून वर्ल्डमॅपर सुरू केलं.

न्यूमन भूगोलवाले नाहीत बरं का, फिजिक्सवाले आहेत. २००४ ला त्यांनी आणि मायकेल गॅस्टनर यांनी नकाशा फुगवायची एक नवी रीत मांडली. तांब्याभर पाण्यात रंगाचा थेंब टाकला की तो पसरत पसरत सगळं पाणी एकसारखं करून टाकतो, तसंच इथं लोकसंख्येला पसरू द्यायचं, दाटीच्या जागेतून विरळ जागेकडं, जोवर सगळीकडं दाटी सारखी होत नाही तोवर, आणि पसरताना ती आपल्याबरोबर देशांच्या सीमाही ढकलत नेते. म्हणून आकार वाकडे झाले तरी शेजार तुटत नाही. नेपाळ भारताला चिकटूनच राहतो, श्रीलंका खालीच राहते. आधीच्या बऱ्याच पद्धतींत एक तर देश सुटे सुटे व्हायचे नाहीतर ओळखू यायचे नाहीत. मला विचाराल तर अख्ख्या साईटचा जीव या एका युक्तीत आहे.

पुढं साईटची धुरा बेंजामिन हेनिग यांच्याकडं आली, ते डॉर्लिंग यांचे विद्यार्थी, आता आइसलँड विद्यापीठात शिकवतात. त्यांनी देश हे एकक सोडून जगावर बारीक चौकटी मारल्या आणि प्रत्येक चौकट तिच्यातल्या माणसांप्रमाणं फुगवली. त्यामुळं देशाच्या आतही दिसायला लागलं. भारताचा असा नकाशा बघा, गंगेचं खोरं टम्म फुगलेलं, राजस्थानचं वाळवंट मिटलेलं, मुंबई दिल्ली कोलकाता गाठी आल्यासारख्या. पाऊससुद्धा त्यांनी असाच दाखवलाय, महिन्यामहिन्यानं, जुलैत आपला उपखंड फुगतो आणि हिवाळ्यात सुकून जातो. मराठवाड्याच्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको म्हणा, पण जुलैतल्या त्या फुगवट्यात आपल्या वाट्याला काय येतं ते काही त्यात कळत नाही. त्यावर पुढं येतो.

रंगांचं कौतुक केलंच पाहिजे. जगाचे १२ भाग केलेत आणि ते मानव विकासाच्या क्रमानं लावून लाल ते जांभळा असे रंग दिलेत, सगळ्यात गरीब मध्य आफ्रिका लाल आणि टोकाचा जपान जांभळा, आपण पिवळ्यात, चीन हिरव्यात. विषय कुठलाही असो, रंग तेच राहतात. त्यामुळं उत्पन्नाचा नकाशा उघडला की वाचायची गरजच नाही, निळं जांभळं माजलेलं आणि लाल नारिंगी दोऱ्यासारखं. आफ्रिकेत जगातली सहातली एक व्यक्ती राहते आणि जगाच्या उत्पन्नात वाटा ३ टक्क्यांच्या आसपास. मग मलेरियाचा उघडा. तोच लाल भाग एवढा सुजलेला की युरोप अमेरिका शोधावी लागते. खेळणी कोण विकत घेतं आणि कोण बनवून विकतं असे दोन नकाशे आहेत, ते लागोपाठ दाखवले की वर्गात शांतता होते, घेणारे सगळे अमेरिका युरोपातले आणि विकणाऱ्यात चीनचा डोंगर. मी यावर एक अक्षर बोलत नाही, पोरंच बोलतात.

आता जिथं लोकांची गडबड होते ते सांगतो. हे नकाशे एकूण वाटा दाखवतात, माणशी किती ते दाखवत नाहीत. कार्बनचा नकाशा उघडला की भारत बऱ्यापैकी मोठा दिसतो आणि लगेच कुणीतरी म्हणतं बघा सर आपणच धूर करायलोत. अरे पण माणसं किती आहेत! भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साईड, अमेरिकेत १४ च्या आसपास, जगाची सरासरी पावणेपाचच्या जवळ. औद्योगिक क्रांतीपासूनचा सगळा हिशोब धरला तर आजवरच्या धुरात एकट्या अमेरिकेचा वाटा पाव भागाच्या जवळपास, आणि लोकसंख्येत ४ टक्के. म्हणून माझं सांगणं, कुठलाही नकाशा एकटा उघडू नका, शेजारी लोकसंख्येचा नकाशा ठेवा आणि मग बघा कोण आपल्या माणसांच्या मानानं जास्त फुगलाय. साईटवर हे समजावणारा मजकूर आहे पण इंग्रजीत आहे आणि पोरं मजकूर वाचत नाहीत, चित्र बघतात आणि निकाल देतात.

पर्यावरणाचा विषय निघालाच आहे तर डॉर्लिंग यांचं एक म्हणणं सांगून ठेवतो, मला ते फार पटलंय. ते म्हणतात की गरीब देश आणि श्रीमंत देश अशी तुलना सगळेच करतात, तुम्ही नुसते श्रीमंत देश एकमेकांशेजारी ठेवून बघा. ज्या श्रीमंत देशात आतली दरी मोठी, तिथं लोक कचरा जास्त करतात, मांस जास्त खातात, धूर जास्त सोडतात. अमेरिका एका टोकाला आणि जपानसारखे देश दुसऱ्या. प्रत्येक बाबतीत हे अगदी काटेकोर बसतं असा त्यांचा दावा नाही, पण कल तसा आहे. कारण सरळ आहे, वरच्याचं बघून खालचा घेतो, गाडी बघून गाडी, बंगला बघून बंगला. आपल्याकडच्या लग्नांचा खर्च बघा, दहा एकरवाल्यानं हॉल घेतला की दोन एकरवाला कर्ज काढून हॉल घेतो. पाण्याचंही तसंच, एकानं पाचशे फूट बोअर मारला की शेजारी सातशेला जातो आणि बेसाल्टच्या खडकात पाणी तर तेवढंच. म्हणजे विषमता आणि पर्यावरण हे दोन धडे पुस्तकात वेगळे असले तरी शिकवताना एकत्रच घ्यायला पाहिजेत, हे मला या साईटमुळं सुचलं हे कबूल.

पण मग तक्रार काय? तक्रार ही की या सगळ्या फुगलेल्या भारतात आपण सापडत नाही. बहुतेक नकाशांचं एकक देश आहे. मुंबई उपनगर आणि हिंगोली एकाच पिवळ्या रंगात, एकाच सरासरीत. २०१२ चा महाराष्ट्र मानव विकास अहवाल काढा, सगळ्यात वर मुंबई, तळाला नंदुरबार, आणि खालच्या रांगेत हिंगोली, धाराशिव, नांदेड, जालना, लातूर बसलेत. चौकटीवाल्या नकाशात मराठवाडा दिसतो खरा पण तिथं नुसती माणसं मोजलीत, त्यांच्या घरात काय आहे ते नाही.

आणि आपल्याला हा विषय काही परका नाही. मराठवाड्यात जन्मलेल्या माणसानं अनुशेष हा शब्द आईच्या दुधाबरोबर ऐकलेला असतो. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीनं १९८४ ला जिल्ह्याजिल्ह्याचा हिशोब मांडला, रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज, राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागं आणि ते भरून काढायला किती पैसे लागतील, एकूण ३ हजार कोटींच्या वर अनुशेष निघाला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा पाव भागाच्या थोडा आत. नंतर वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ ला विजय केळकर समितीचा अहवाल आला. डॉर्लिंग जे नकाशात करतात ते दांडेकरांनी तक्त्यात केलं असं माझं मत. फरक एवढाच की तक्ता मंत्रालयाच्या कपाटात जातो आणि नकाशा भिंतीवर लागतो. कुणीतरी दांडेकरांचे तक्ते घेऊन महाराष्ट्र फुगवून दाखवायला पाहिजे होता, चाळीस वर्षांत ते राहूनच गेलंय.

मग आम्ही वर्गातच खटाटोप केला. गो कार्ट डॉट आयओ नावाची दुसरी साईट आहे, मघाशी ज्या गॅस्टनर यांचं नाव आलं त्यांच्याच गटाची, तिथं स्वतःचे आकडे टाकून कार्टोग्राम काढता येतो, आणि क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर असेल तर त्यातही प्लगइन टाकून जमतं. पहिला अडथळा कुठला आला सांगू? पालघर. जनगणना २०११ ची, तेव्हा जिल्हे ३५, आणि पालघर झाला २०१४ ला, नकाशाच्या फाईलमध्ये ३६. ठाण्याचे १ कोटी १० लाख आता तालुके बघून वाटायला बसा. पण नकाशा निघाला तेव्हा सगळे स्क्रीनपाशी गोळा झाले. बीड जिल्हा साडेदहा हजार चौरस किलोमीटरच्या वर, लोकसंख्या साधारण २६ लाख. मुंबई उपनगर पाचशे चौरस किलोमीटरसुद्धा नाही आणि माणसं ९३ लाखांच्या वर. म्हणजे एरवी जो ठिपका दिसतो तो बीडच्या साडेतीन पट झाला आणि गडचिरोली, राज्यातल्या मोठ्या जिल्ह्यांपैकी एक, जवळपास गायब. एकजण म्हणाला सर म्हणून सगळे मंत्री तिकडचेच काय. मी म्हणालो तो नागरिकशास्त्राचा तास.

पुढचा प्रश्न एका पोरानं विचारला आणि त्याचं उत्तर कुठल्याच साईटवर नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. तो म्हणाला सर, आम्ही बीडमध्ये मोजलेलो का कोल्हापुरात? आता बघा, २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. फेब्रुवारीत आमच्या धारूर, वडवणी, केज भागातली गावंच्या गावं उसाच्या फडात असतात, कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, दिवाळीच्या आसपास निघतो आणि उन्हाळ्यात परत येतो. नियमाप्रमाणं मोजणीच्या सगळ्या काळात घरी नसलेला माणूस जिथं असेल तिथं मोजायचा, आता फडातल्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, मोजणीवाला गेला तर ठीक. म्हणजे ज्या आकड्यावर नकाशा फुगवायचा त्या आकड्यातच माणूस कुठं धरायचा हा घोळ आहे. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून व्हायची आहे, तेव्हाही कोयता बाहेरच असणार.

हा मुद्दा साईटच्या मर्यादेचा पण आहे. नकाशा सांगतो इथं किती आणि तिथं किती, इथून तिथं काय जातं ते सांगत नाही. राज्यातल्या लागवडीच्या जमिनीत ऊस ४ टक्क्यांच्या आसपास, सिंचनाच्या पाण्यात मात्र त्याचा वाटा निम्म्याहून कितीतरी जास्त. तो ऊस तोडायला माणूस आपला जातो, आणि आपल्याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. वरच्या धरणांनी जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावर मेंढेगिरी समिती, जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असलं की वरून पाणी सोडायचं हे तिचं सूत्र, कोर्टकचेऱ्या सगळं झालं, दर दुष्काळी वर्षी नाशिक नगर विरुद्ध मराठवाडा पुन्हा सुरू. हे ओढणं नेणं फुगलेल्या आकारात मावत नाही, त्याला बाण लागतात. वर्ल्डमॅपरवर आयात आणि निर्यातीचे वेगळे नकाशे आहेत, पण कुणाकडून कुणाकडं गेलं ती रेघ आपली आपण जोडायची.

थोडं वापरण्याबद्दल. नकाशे क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहेत, नाव देऊन वर्गात, पोस्टरवर, पीपीटीत बिनधास्त वापरा, धंद्यासाठी नाही. जुने नकाशे २००० च्या आसपासच्या आकडेवारीवरचे आहेत, साल बघूनच दाखवा, नाहीतर २०२३ ला आपण लोकसंख्येत चीनला मागं टाकलं आणि तुम्ही वर्गात चीन मोठा दाखवत बसाल. मराठी सोडा, हिंदीसुद्धा नाही, म्हणून शीर्षक आणि दोन ओळी आपल्या आपण लिहून चिकटवाव्या लागतात. मोबाईलवर बघू नका, एवढासा स्क्रीन आणि त्यात वाकडे देश, काही समजत नाही, प्रोजेक्टर असेल तर उत्तम.

नाहीतर फ्लेक्सवर छापून घ्या. आम्ही घेतले. दुकानदार भला माणूस, त्यानं फाईल उघडली, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला सर, तुमचा नकाशा ओढला गेलाय, मी सरळ करून देतो, पैसे नाही घेत त्याचे. त्याला समजावून सांगितलं तर म्हणतो मग यात आपलं गाव दाखवा की. तेच तर दुखणं आहे राव.

मार्क द्यायचे तर जगाची विषमता दाखवायला ५ पैकी ५, रंग आणि कल्पना याला काही तोड नाही. जिल्हा तालुका शिकवायला २, तेही चौकटीवाल्या नकाशाचे. अकरावी बारावी आणि स्पर्धा परीक्षेवाल्यांनी जरूर बघा, सातवी आठवीच्या पोरांना आधी साधा नकाशा पाठ होऊ द्या, ज्याला सरळ आकार माहीत नाही त्याला वाकडा काय कळणार.

आणि एक काम आहे. मराठवाड्याच्या ७६ तालुक्यांच्या सीमांची नीट जुळणारी फाईल कुणाकडं असेल तर सांगा, आमच्याकडं जी आहे तिच्यात दोन तालुक्यांच्या मधे फटी राहायल्यात आणि फुगवलं की त्या फटीच सगळ्यात आधी मोठ्या व्हायल्यात.